दहाची नोट छापणे थांबवा, दहाचे नाणे चालू लागेल

मागच्या महिन्यात अंबरनाथ पूर्वेला स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभा होतो. पुढे आमच्याच गल्लीतल्या खाला होत्या. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या एका कारखान्यासाठी त्या धागे तोडायचे काम करतात. पैसे नगावर, हिशेब आठवड्याने. त्या दिवशी हिशेब झाला होता. रिक्षात बसता बसता त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून दहा-दहाची दोन नाणी काढून चालकापुढे धरली.

"खाला, ये नहीं चलता. नोट दो."

पिशवीत वीस नाणी होती, म्हणजे दोनशे रुपये. नोट एकही नव्हती. मागून कोणीतरी "चला, उशीर होतोय" म्हणून ओरडले. खाला उतरल्या आणि चालू लागल्या. मी भाडे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाही. "पैसे आहेत माझ्याकडे," एवढेच म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. त्यांच्याकडे पैसे होते. भारत सरकारच्या टांकसाळीत पाडलेले, अशोकस्तंभाची मुद्रा असलेले, कायद्याने चलनी ठरवलेले पैसे होते. तरीही साठीच्या घरातली ती बाई आठवड्याची कमाई हातात घेऊन पायी घरी गेली. हा लेख त्या पिशवीतल्या वीस नाण्यांबद्दल आहे.

नाणे कोण नाकारतो?

आपल्याकडे लगेच बोट दाखवले जाते ते रिक्षावाल्याकडे. मीही तेच केले. दुसऱ्या दिवशी त्याच चालकाला गाठून विचारले. तो म्हणाला, "मला काय हौस आहे? संध्याकाळी मालकाला शिफ्टचे पैसे द्यायला गेलो की तो नाणी बाजूला काढतो. सांगतो, नोटा आण." मालकाचे म्हणणे, किराणावाला घेत नाही. किराणावाल्याचे म्हणणे, होलसेलवाला घेत नाही. होलसेलवाल्याने सरळ सांगितले, "बँकेत पिशवी घेऊन गेलो तर कॅशियर म्हणतो मोजायला माणूस नाही, नंतर या. तो नंतर कधी येत नाही."

म्हणजे नकाराची ही साखळी वरून खाली येते. बँकेच्या काउंटरवर सुरू होते आणि ज्याच्या खाली कोणीच नाही त्याच्यापाशी संपते. होलसेलवाला किराणावाल्यावर ढकलतो, किराणावाला गिऱ्हाइकावर, मालक चालकावर, चालक प्रवाशावर. धागे तोडणारी बाई कोणावर ढकलणार?

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती जास्त वाईट आहे. बाजारातल्या एका जुन्या दुकानदाराने सांगितले, ज्यांच्याकडे नाण्यांची पोती साठतात ते ती कमिशनवर काढतात. शंभराची नाणी नव्वदला. घेणारा तीच नाणी मजुरीत पूर्ण शंभराच्या भावाने वाटतो. मजूर काम टिकवायचे म्हणून घेतो. खालांच्या मजुरीतली नाणी अशीच आली असतील असे मी म्हणत नाही, त्यांच्या मालकाला मी विचारलेले नाही. पण असा व्यवहार होऊ शकतो, एवढेच मला पुरेसे वाटते. वीस नाणी मालकाला एकशे ऐंशीला पडली, मजुराला दोनशेला मिळाली आणि रिक्षात त्यांची किंमत शून्य झाली. मापात माप मारणाऱ्यांविषयी आपण जुम्म्याच्या खुतब्यात ऐकत आलो आहोत. तराजू न वापरताही माप मारता येते, त्याचा हा नमुना आहे.

अफवा मुरली कशी?

दहाचे दोन धातूंचे नाणे २००९ मध्ये चलनात आले. पुढे २०११ मध्ये त्यावर रुपयाचे नवे चिन्ह आले आणि नक्षी बदलली. कुठल्या नाण्यावर दहा रेषा, कुठल्यावर पंधरा, कुठे रुपयाचे चिन्ह आहे, कुठे नाही. वेगवेगळ्या प्रसंगांची आणि थोर व्यक्तींची स्मृतिनाणीही चलनात आली. मग २०१६ उजाडले. दिल्लीत पाच आणि दहाच्या नकली नाण्यांचा कारखाना पकडला गेल्याची बातमी आली. पाठोपाठ ८ नोव्हेंबरची नोटाबंदी. ज्या माणसाने एका रात्रीत पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द होताना पाहिल्या, त्याला "आता दहाचे नाणेही गेले" हे खोटे का वाटावे? रिझर्व्ह बँकेला २० नोव्हेंबर २०१६ रोजी पत्रक काढून सांगावे लागले की नाणी खरी आहेत. १७ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा सांगितले: दहाच्या नाण्याच्या चौदा नक्षी आहेत आणि चौदाही चालतात. १४४४० या क्रमांकावर मिस्ड कॉल दिला की उलट फोनवर हीच माहिती ऐकवण्याची सोय केली.

पण गंमत पाहा. त्याच जानेवारी २०१८ मध्ये, त्याच रिझर्व्ह बँकेने दहा रुपयांची नवी चॉकलेटी नोट आणली. एका हाताने लोकांना सांगायचे की बाबांनो, नाणे घ्या. दुसऱ्या हाताने करकरीत नवी नोट पुढे करायची. लोकांनी काय निवडायचे होते?

माझे म्हणणे येथूनच सुरू होते. लोक अडाणी आहेत म्हणून नाणे चालत नाही, हे मला मान्य नाही. नोट आणि नाणे दोन्ही समोर असले की माणूस नोटच निवडतो, कारण नोट पुढच्या माणसाला देता येईल याची त्याला खात्री असते. पैशाचा व्यवहार पुढचा घेईल की नाही, या एकाच प्रश्नावर चालतो. हा प्रश्न पत्रके काढून सुटत नाही. एक पर्याय काढून घेतला की सुटतो.

जगाने हे करून पाहिले आहे

ब्रिटनने १९८३ मध्ये एक पौंडाचे नाणे आणले आणि १९८८ मध्ये एक पौंडाची नोट मागे घेतली. कॅनडाने १९८७ मध्ये एक डॉलरचे नाणे आणले आणि दोन वर्षांत त्या नोटेचा पुरवठा थांबवला. ऑस्ट्रेलियाने १९८४ मध्ये एक डॉलरचे आणि १९८८ मध्ये दोन डॉलरचे नाणे आणून त्या नोटा इतिहासजमा केल्या. तिन्ही ठिकाणी लोकांनी सुरुवातीला कुरकुर केली आणि मग विसरून गेले. अमेरिकेने १९७९ मध्ये एक डॉलरचे नाणे काढले, २००० मध्ये पुन्हा दुसरे काढले, पण एक डॉलरची नोट छापणे सोडले नाही. दोन्ही नाणी लोकांच्या खिशात शिरलीच नाहीत. इतका श्रीमंत देश, पण नियम तोच: नोट शेजारी असेल तर नाणे पेटीत पडून राहते.

आणि परदेशात तरी कशाला जायचे? एक, दोन आणि पाच रुपयांचे आपण काय केले? एकची नोट १९९४ मध्ये थांबली, दोनची आणि पाचचीही त्याच सुमारास थांबली. आज पाचचे नाणे कोणी "चालत नाही" म्हणत नाही, कारण पाचची नोट शोधूनही मिळत नाही. मधल्या काळात मात्र एक चूक झाली. नाण्यांचा पुरवठा मागणीला पुरेना, म्हणून २००१ मध्ये पाचची नोट पुन्हा छापावी लागली. त्या दिवसांतल्या पाचच्या नोटा आठवतात? चिंध्या झालेल्या, प्लास्टिकच्या चौकोनी पाकिटात घालून फिरणाऱ्या. पाकिटात नक्की काय आहे हे न बघताच आपण ते पुढे सरकवत होतो. यातून शिकायचे एवढेच की नोट थांबवण्याआधी नाणी पुरेशी हवीत आणि ती सगळीकडे पोचलेली हवीत.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: आता यूपीआय आहे, नाण्यांची चर्चा कशाला? ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, त्यात बॅलन्स आहे आणि बँकेत खाते चालू आहे, त्यांनी खुशाल स्कॅन करावे. मीही करतो. पण खालांची मजुरी रोखीने मिळते. उल्हासनगरात पापड लाटणाऱ्या, जीन्सचे धागे तोडणाऱ्या, बदलापुरात जांभळाच्या दिवसांत टोपली घेऊन स्टेशनबाहेर बसणाऱ्या बायांची कमाई रोखीने येते आणि रोखीने जाते. ज्याच्याकडे फोन आहे त्याची सोय झाली म्हणून ज्याच्याकडे नाही त्याचा पैसा बाद ठरवायचा, हा कुठला न्याय?

दुसरा आक्षेप: नाणी जड असतात. दहाचे नाणे ७.७१ ग्रॅमचे. खालांची वीस नाणी दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका मोठ्या कांद्याएवढी. ज्यांच्याकडे पोती साठतात त्यांना वजन होते हे खरे. पण पोती साठतात कारण नाणी फिरत नाहीत. फिरणारे नाणे कोणाच्याच घरात पोत्याने साठत नाही. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेले बारा बाजूंचे वीसचे नाणे ८.५४ ग्रॅमचे आहे. ते नीट चालू लागले तर तेच दोनशे रुपये दहा नाण्यांत, ८५ ग्रॅममध्ये मावतील.

तिसरा आक्षेप: नकली नाणी. असतील. नकली नोटाही आहेत, म्हणून पाचशेची नोट कोणी नाकारत नाही. उजेडात धरून बघतो आणि खिशात टाकतो. यावर इतिहासातला धडाही आपल्याला ठाऊक आहे. चौदाव्या शतकात मुहम्मद बिन तुघलकाने चांदीच्या टंक्याच्या भावाने तांब्या-पितळेची नाणी चालवली. नक्कल इतकी सोपी होती की घराघरांत टांकसाळी निघाल्याचे बर्नीने लिहिले आहे. शेवटी सुलतानाला ती परत घेऊन खजिन्यातून चांदी मोजावी लागली. आपल्याकडे तुघलकाची आठवण लहरी कारभारासाठी निघते. पण बुडत्या वेळीही त्याच्या खजिन्याने आपले नाणे परत घेतले, हेही लक्षात ठेवावे. आपल्याकडे मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टांकसाळी आहेत. दोन धातूंचे नाणे पाडणे गल्लीतल्या भट्टीचे काम नाही. आज कमतरता आहे ती नाणे परत घेणाऱ्या खिडकीची.

चौथा आक्षेप: नाणे पाडायला नोटेपेक्षा जास्त खर्च येतो. येतो. पण दहाची नोट भाजीवाल्याच्या ओल्या हातातून, रिक्षाच्या खिशातून, घामाच्या पाकिटातून फिरते आणि लवकरच तिची चिंधी होते. मग ती बँकेने गोळा करायची, नष्ट करायची आणि नवी छापायची. नाणे वर्षानुवर्षे तसेच राहते. आणि फाटकी नोट खपवण्याची कसरत शेवटी कोणाच्या वाट्याला येते, हे वेगळे सांगायला नको.

पाचवा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दृष्टिहीन व्यक्तींना एक, दोन आणि पाचची नाणी हाताने ओळखता येत नाहीत, इतकी त्यांची मापे वारंवार बदलली. नोटा आणि नाण्यांच्या या प्रश्नावर नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. म्हणून माझ्या मागणीला एक अट आहे: नाण्याचे माप आणि कडा एकदा ठरवा आणि मग निदान एक पिढी त्यांना हात लावू नका. स्मृतिनाणी हौशी संग्राहकांसाठी काढायची तर जरूर काढा, पण भाजीबाजारात चौदा नक्षींची परीक्षा घेऊ नका.

कायदा काय सांगतो

२०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. खालांची वीस रुपयांची दोन नाणी या मर्यादेत येतात की नाही, हे कोणीही सांगेल. बँकांसाठी तर नियम आणखी स्पष्ट आहे. छोट्या किमतीच्या नोटा आणि नाणी काउंटरवर कोणत्याही शाखेने नाकारू नयेत, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत आणि ग्राहकाने किती नाणी भरावीत यावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातलेली नाही. म्हणजे "मोजायला माणूस नाही" हे उत्तर नियमात बसत नाही. ते उत्तर ऐकून पिशवी घेऊन परत येण्याची सवय आपण लावून घेतली आहे.

सरकारच्या बाजूनेही विसंगती आहेच. मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले. प्रवाशाने तीस दिले तर चालकाने चार रुपये परत करायचे. म्हणजे सरकार असे भाडे ठरवते ते नाण्यांच्या भरवशावर. पण ती नाणी चालकाच्या हातात कुठून येणार, याचा विचार त्या निर्णयात दिसत नाही. लोकलचे सर्वांत स्वस्त तिकीट पाच रुपयांचे आहे. ज्या शहरांत दिवसाची सुरुवात पाचच्या तिकिटाने होते तिथे सुट्ट्या पैशांचा प्रश्न किरकोळ मानता येत नाही.

आपण तर सेंट्रल रेल्वेच्या रुळावरची माणसे. कल्याणहून एका दिशेला गेलात तर मुंबईच्या फोर्टात नाणी पाडणारी टांकसाळ, दुसऱ्या दिशेला घाटापलीकडे नाशिक रोडला नोटा छापणारा कारखाना. नाणे आणि नोट दोन्ही आपल्याच मार्गावर तयार होतात आणि विठ्ठलवाडी ते बदलापूर या पट्ट्यात दोन्हींचा खोळंबा होतो.

मग मागणी काय?

एक. केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँक यांनी दहाच्या नोटेची छपाई थांबवण्याची तारीख निदान दोन वर्षे आधी जाहीर करावी. हातातली नोट रद्द करू नये. ८ नोव्हेंबर आम्हाला पुन्हा नको. ज्या नोटा आहेत त्या झिजेपर्यंत चालतील, फक्त नव्या येणार नाहीत. वीसच्या नोटेचा विचार दहाचा अनुभव पाहून करावा.

दोन. त्या दोन वर्षांत नाणी बँकांच्या तिजोरीत न ठेवता बाजारात पोचवावीत. क्यूआर कोडवर चालणारी नाण्यांची यंत्रे रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये बारा शहरांत प्रयोगादाखल जाहीर केली होती. पण स्कॅन करणाऱ्याला नाणी मिळाल्याने प्रश्न अर्धाच सुटतो. नाणी घेऊन खात्यात जमा करणारी किंवा मोठी नोट देणारी खिडकीही हवी, आणि ती उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरसारख्या गावांत हवी.

तीन. या तिन्ही शहरांतल्या प्रत्येक बँक शाखेने "येथे सर्व नाणी स्वीकारली जातात" हा फलक मराठीत, हिंदीत आणि उल्हासनगरात सिंधीतही लावावा. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदांनी पाणीपट्टी व घरपट्टीच्या खिडकीवर नाणी घेऊन सुरुवात करावी. सरकारी खिडकीने घेतलेले नाणे बाजार नाकारत नाही.

चार. नाकारले तर शाखेकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत विनाशुल्क दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. दहा माणसांनी दहा लेखी तक्रारी केल्या तर मोजायला माणूस सापडतो.

आपल्या घरातली पोती

शेवटी थोडे आपल्याबद्दल. आपल्या मशिदींच्या दानपेट्यांतली नाणी कुठे जातात? कपाटात, पिशव्यांत. मंदिरांत, गुरुद्वारांत, उल्हासनगरच्या सिंधी दरबारांत वेगळे चित्र असेल असे वाटत नाही. मलंगगडावर हाजी मलंगच्या उरुसाला, अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरात महाशिवरात्रीला, पायरीपायरीवर नाणी पडतात. देणारे हिंदू असतात, मुसलमान असतात, बहुतेक वेळा आमच्या खालांसारखेच असतात. ते नाणे पेटीत गेले की बाजारातून नाहीसे होते. मग बाहेर रिक्षावाला "सुट्टे द्या" म्हणून भांडतो आणि आत सुट्टे पोत्यात पडून असतात.

यासाठी दिल्लीच्या निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक मशिदीच्या ट्रस्टने जुम्म्याच्या नमाजनंतर एक टेबल मांडावे. दुकानदाराने, रिक्षाचालकाने शंभराची नोट द्यावी आणि शंभराची नाणी घ्यावीत. कमिशन एक पैसाही नाही. मंदिरांच्या आणि दरबारांच्या विश्वस्तांशी बोलून आठवड्याचे एकेक वार वाटून घ्यावेत. रिक्षा संघटनांना आणि व्यापारी मंडळांना सोबत घ्यावे. ज्यांनी नाणी घेतली त्यांनी ती मोडीत परत द्यायची, एवढाच नियम.

आणि तुम्ही-आम्ही? उद्या कोणी दहाचे नाणे हातावर ठेवले तर उलटून पालटून न पाहता घ्या. घेतलेले नाणे डब्यात टाकू नका, त्याच दिवशी कुठेतरी चालवा. पुढच्याने नाकारले तर नोट काढून विषय संपवू नका. रांग थांबली तरी चालेल, तिथेच शांतपणे बोला. त्या दिवशी अंबरनाथच्या रांगेत मला उशीर होत होता, म्हणून मी बोललो नाही. खालांचे भाडे द्यायला मी तयार होतो, त्यांच्या नाण्याची बाजू घ्यायला नव्हतो. त्यांना माझे वीस रुपये नको होते. त्यांचे स्वतःचे वीस रुपये चालायला हवे होते.